कवडशातील धूळ

दुपारच्या वेळी खोलीची दारे-खिडक्या लावून घेतली, की एखाद्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते. जमिनीवर तिचा लहानसा कवडसा पडतो. ती तिरीप तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? तिच्यात असंख्य बारीक कण वर-खाली तरंगत असतात. अम्मीने चादर झटकली, की त्यांची एकदम गर्दी होते. तिरिपीच्या बाहेरच्या हवेतही तेच कण असतात, पण ते आपल्याला दिसत नाहीत.

आता एक प्रश्न विचारतो. तुम्हाला ती तिरीप दिसते, ती का दिसते? ऊन तर छपरापासून जमिनीकडे चालले आहे. ते तुमच्या डोळ्यांकडे येतच नाही. मग मधल्या हवेत प्रकाशाची ती सरळ काठी दिसते कशी?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरो शहरात इब्न अल-हैसम नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. प्रकाश सरळ रेषेत जातो हे दाखवण्यासाठी त्यांनी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. खोलीतील हवेत धूळ असेल, तर प्रकाशाची वाट स्पष्ट दिसते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल-किंदी यांनी आकाशाच्या निळ्या रंगावर एक छोटा ग्रंथ लिहिला. हवेतील धूळ आणि वाफ यांच्या कणांवर उजेड पडतो, त्यांच्यामागे काळोख असतो, आणि या दोहोंच्या मिश्रणातून निळा रंग दिसतो, असे त्यांचे मत होते. हे मत संपूर्ण बरोबर नव्हते. पण धुळीचे कण आणि आकाशाचा रंग यांचा काही संबंध असावा, ही शंका एवढी जुनी आहे.

त्या शंकेचा प्रयोगशाळेत पाठलाग केला तो जॉन टिंडल यांनी. त्यांचीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

जॉन टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील लीलिनब्रिज या छोट्या गावात झाला. वडील पोलीस शिपाई होते. पगार बेताचा. घरात पैसा नव्हता, पण वडिलांना वाचनाची आणि चर्चेची आवड होती. त्या काळी आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक या दोन ख्रिस्ती पंथांत फार दुरावा होता. टिंडलांचे घर प्रोटेस्टंट. तरीही वडिलांनी मुलाला एका कॅथलिक गुरुजींच्या शाळेत घातले, कारण गणित शिकवण्यात त्या गुरुजींचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. मला या शिपायाचे फार कौतुक वाटते. लोक काय म्हणतील याचा विचार करून त्याने मुलाला दुसरीकडे पाठवले असते, तर पुढची गोष्ट घडलीच नसती. जॉन त्या शाळेत भूमिती शिकला, जमीन मोजायला शिकला, नकाशे काढायला शिकला.

ही विद्या लगेच उपयोगी पडली. १८३९ साली, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला सरकारी भूमापन खात्यात नकाशे काढण्याची नोकरी मिळाली. पुढे त्याची बदली इंग्लंडमध्ये झाली. तिथे आयरिश कामगारांना मिळणारा पगार आणि वागणूक पाहून तो गप्प बसू शकला नाही. त्याने तक्रार केली. परिणाम व्हायचा तोच झाला. १८४३ साली त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. काही काळ हलाखीत गेला. मग इंग्लंडमध्ये जिकडे-तिकडे रेल्वे टाकण्याची धांदल उडाली आणि मोजणी करणाऱ्या माणसांना मागणी आली. जॉनने तीन-चार वर्षे रेल्वेमार्गाच्या मोजणीचे काम केले. दिवसरात्र काम, पण पगार चांगला.

१८४७ साली ते काम सोडून तो हँपशर परगण्यातील क्वीनवुड कॉलेजात गणिताचा शिक्षक झाला. तिथे त्याला एडवर्ड फ्रँकलंड नावाचा रसायनशास्त्र शिकवणारा तरुण सहकारी भेटला. दोघांनी ठरवले, की आपण एकमेकांना शिकवू. पहाटे उठून एकाने गणित सांगावे, दुसऱ्याने रसायनशास्त्र. पण एवढ्याने त्यांची भूक भागेना. त्या काळी विज्ञानाचे उत्तम शिक्षण जर्मनीत मिळत असे. १८४८ साली दोघेही आपापली पुंजी घेऊन जर्मनीतील मारबुर्ग येथे गेले. प्रयोगशाळेत तुम्ही ज्यांच्या नावाचा बर्नर वापरता, ते रॉबर्ट बुन्सेन तेव्हा तिथे शिकवत होते.

जॉनचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. या वयात तो परक्या देशात, परक्या भाषेत पहिल्यापासून शिकायला बसला! तुम्ही मराठी शिकताना कधीकधी कंटाळता ना? जॉनला तर जर्मन भाषेतच गणित आणि पदार्थविज्ञान शिकायचे होते, आणि पुंजी संपण्याच्या आत सारे पुरे करायचे होते. त्याने दोन वर्षांच्या आत डॉक्टरेट मिळवली. १८५० साली तो डॉक्टर टिंडल झाला. येथून पुढे आपणही त्यांना आदराने टिंडल म्हणू.

लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची एक संस्था आहे. तिथे संशोधनही होते आणि सामान्य लोकांसाठी विज्ञानाची व्याख्यानेही होतात. त्या काळी विजेचे महान संशोधक मायकेल फॅरडे तिथे काम करत होते. तेही गरीब लोहाराचे पुत्र. १८५३ साली टिंडल यांनी तिथे एक व्याख्यान दिले. ते इतके रंगले, की त्याच वर्षी त्यांना तिथे प्राध्यापक म्हणून नेमण्यात आले. पुढची चौतीस वर्षे ते तिथेच राहिले. टिंडल बोलायला लागले, की सभागृह भरून जात असे. ते नुसते बोलत नसत. प्रत्येक गोष्ट प्रयोग करून समोर दाखवत. मुलांसाठीही त्यांनी व्याख्याने दिली.

टिंडल यांना डोंगर चढण्याचे वेड होते. दरवर्षी उन्हाळा आला, की ते स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात जात. साडेचार हजार मीटर उंचीच्या वाइसहॉर्न या शिखरावर त्यापूर्वी कोणीही पोचले नव्हते. १९ ऑगस्ट १८६१ रोजी टिंडल आणि त्यांचे दोन वाटाडे त्यावर पोचले. हे मी उगाच सांगत नाही. उंच डोंगरावर गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास दिसते. तिथले आकाश गडद निळे असते. खाली गावात तेच आकाश फिकट, पांढुरके दिसते. हे असे का, हा प्रश्न टिंडल यांच्या मनात डोंगरावरून खाली आला असला, तर नवल नाही.

१८५९ पासून टिंडल एका वेगळ्याच कामात गुंतले होते. निरनिराळे वायू उष्णता किती शोषून घेतात, हे ते मोजत होते. हवेतील पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतात, असे त्यांनी मापाने सिद्ध केले. आज पृथ्वी तापत चालली आहे, त्या चर्चेचे मूळ या प्रयोगांत आहे. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी त्याआधी, १८५६ साली, हे वायू उन्हात अधिक तापतात असे दाखवले होते. त्यांचे नाव मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाच्या ध्यानात राहिले नाही. हा अन्यायच म्हणायचा.

पण आपण आपल्या कवडशाकडे परत जाऊ.

१८६८ साली टिंडल काचेची एक लांब नळी घेऊन प्रयोग करत होते. नळीत वाफ भरायची, खोलीत अंधार करायचा, आणि विजेच्या दिव्याचा झोत नळीतून सोडायचा. प्रकाशाचा त्या वाफेवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. यासाठी नळीतील हवा अगदी स्वच्छ हवी होती. त्यांनी हवा तीव्र आम्लातून आणि दाहक क्षारातून गाळून घेतली. तरी झोत सोडला, की नळीत धुळीचे कण चमकतच! काही केल्या ते जाईनात.

ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांनी एक साधी युक्ती केली. हवा नळीत सोडण्यापूर्वी ती स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली. आणि काय आश्चर्य! नळीतील सगळे कण नाहीसे झाले. ज्योतीने ते जळून गेले होते. आता पाहा, दगडाची किंवा मातीची धूळ अशी जळत नाही. जळते ते लाकूड, कापूस, लोकर, पिठाचे कण, म्हणजे सजीवांपासून आलेले पदार्थ. लंडनच्या हवेत जी धूळ तरंगत होती, तिचा मोठा भाग असा होता. टिंडल यांना स्वतःलाच या गोष्टीचा धक्का बसला. आपण ही धूळ रोज श्वासाबरोबर आत घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

मग त्यांनी अंधाऱ्या खोलीत झोत सोडला आणि झोताच्या खाली जळता दिवा ठेवला. झोतातून काळ्या धुराचे लोट वर जाताना दिसले. पाहणाऱ्यांना तो धूरच वाटला. पण स्पिरिटच्या ज्योतीला असा काळा धूर येत नाही. ती काळी जागा म्हणजे धूळ जळून गेलेली स्वच्छ हवा होती! तिथे प्रकाश होता, पण त्याला अडवून आपल्या डोळ्यांकडे फेकणारे कण नव्हते. म्हणून तिथे काळोख दिसत होता.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हाला मिळाले. तिरीप दिसते ती धुळीमुळे. प्रकाश कणांवर आदळतो आणि चारी दिशांना फेकला जातो. याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात. सूक्ष्म कणांमुळे प्रकाशाची वाट अशी दिसू लागते, त्याला आज टिंडल परिणाम असे नाव आहे.

दुसरा एक प्रयोग तर फारच मजेदार होता. टिंडल यांनी काचेच्या नळीतून झोतावर श्वास सोडला. सुरुवातीला काही फरक दिसला नाही. पण श्वास संपत आला, तसा झोतात काळा पट्टा उमटला. फुप्फुसाच्या अगदी आतून आलेली हवा धूळमुक्त होती. मग धूळ गेली कोठे? ती आतच राहिली. हे कळल्यावर टिंडल लोकांना सांगू लागले, की धुळीच्या किंवा रोगाच्या जागी जाताना नाकातोंडावर कापसाचा थर बांधावा, कापूस हे कण अडवतो. आग विझवणारे जवान धुरात गुदमरत. त्यांच्यासाठी टिंडल यांनी कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा यांचे थर असलेला मुखवटा तयार केला. २०२० साली आपण सर्वांनी मास्क बांधले, तेव्हा या माणसाची आठवण फार थोड्यांना झाली असेल.

नळीतील हवा आता स्वच्छ झाली होती. टिंडल यांनी तिच्यात विशिष्ट रसायनांची अगदी थोडी वाफ सोडली आणि त्यावर झोत टाकला. प्रकाशामुळे वाफेचे रूप बदलले आणि नळीत अत्यंत बारीक कण तयार होऊ लागले. ते इतके बारीक होते, की सूक्ष्मदर्शकातूनही दिसले नसते. आणि त्या क्षणी काळोख्या नळीत एक सुंदर निळा रंग उमटला. अगदी आकाशासारखा! कण हळूहळू मोठे होत गेले, तसा तो निळा रंग फिकट झाला आणि शेवटी नळीत पांढरा ढग दिसू लागला. डोंगरावरचे निळे आकाश आणि गावावरचे पांढुरके आकाश, दोन्ही त्या एका नळीत पाहायला मिळाली.

आणखी एक पुरावा होता. निकोल प्रिझम नावाचे एक स्फटिकाचे साधन असते. त्यातून आकाशाच्या ठरावीक भागाकडे पाहत ते फिरवले, की आकाश उजळ आणि अंधूक होते. कारण आकाशाकडून येणाऱ्या प्रकाशाची कंपने बहुतांशी एकाच दिशेने होत असतात. नळीतील निळ्या रंगाकडे झोताच्या काटकोनात पाहिले, तेव्हा तिथेही अगदी तसेच घडले. टिंडल यांनी आकाशाचा एक तुकडा जणू प्रयोगशाळेत आणून ठेवला होता.

निळाच रंग का? सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सात रंग असतात, हे तुम्ही शिकला आहात. प्रत्येक रंगाच्या प्रकाशलहरीची लांबी वेगळी असते. तांबड्याची जास्त, निळ्याची कमी. या लहरी फारच लहान असतात. एका मिलिमीटरमध्ये सुमारे दोन हजार लहरी मावतील. कण लहरीपेक्षा मोठा असेल, तर तो सर्व रंग जवळजवळ सारखेच फेकतो, म्हणून धुके, ढग आणि दाट धूळ पांढुरकी दिसते. कण लहरीपेक्षा खूप लहान असेल, तर तो निळा रंग जास्त फेकतो आणि तांबडा रंग बहुतेक सरळ जाऊ देतो.

तुम्ही हे घरी पाहू शकता. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका आणि खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च लावा. कडेने पाहिले तर पाणी किंचित निळसर दिसेल. पेल्याच्या पलीकडून टॉर्चकडे पाहिले तर दिवा पिवळसर, तांबूस दिसेल. पहिले दृश्य दुपारच्या आकाशाचे, दुसरे संध्याकाळच्या सूर्याचे. संध्याकाळी सूर्याचे किरण तिरपे येतात. त्यांना हवेतून पुष्कळ लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो तांबडा. मगरिबच्या वेळी पश्चिमेकडे जी लाली दिसते, ती अशी येते.

टिंडल यांचे एक अनुमान मात्र अपुरे होते. आकाश निळे दिसते ते हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमुळेच, असे ते मानत. १८७१ साली जॉन स्ट्रट या तरुण शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. हेच पुढे लॉर्ड रेले या नावाने प्रसिद्ध झाले. लहान कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहूनही जास्त फेकतात, असे त्या गणितातून निघते. पुढे १८९९ साली रेले यांनी दाखवले, की निळ्या आकाशासाठी वेगळ्या धुळीची गरज नाही. हवेचे स्वतःचे रेणूच हे काम करतात. मग टिंडल यांच्या स्वच्छ हवेत काळोख का दिसला? कारण खोलीभर हवेतील रेणू फारच थोडा प्रकाश फेकतात. आपल्या डोक्यावर मात्र हवेचा कित्येक किलोमीटरचा थर असतो. तेवढ्या थरातून निळा रंग दिसण्याइतका प्रकाश येतो. धुळीचे मोठे कण त्या निळ्याला पांढुरका करतात.

यात भारताचाही एक धागा आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून जहाजाने परत येत होते. समुद्र निळा का, हा प्रश्न त्यांना पडला. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब दिसते, असे तेव्हा मानत. रामन यांनी खिशातील निकोल प्रिझम काढला आणि त्यातून पाहून प्रतिबिंबाची चमक घालवली. तरीही पाणी निळेच! पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ओळखले. सप्टेंबर १९२१ मध्ये जहाज मुंबई बंदरात आले, तेव्हा त्यांनी तिथूनच यासंबंधीचा लेख विलायतेच्या साप्ताहिकाकडे पाठवला. पुढे याच वाटेने जाऊन त्यांनी रामन परिणाम शोधला आणि १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवले.

आता पुन्हा लंडनला चला. कारण धुळीने टिंडल यांना एका मोठ्या भांडणात ओढले होते.

त्या काळी अनेक विद्वानांना वाटे, की नासक्या पदार्थात जंतू आपोआप जन्म घेतात. लंडनचे डॉक्टर चार्ल्टन बास्टियन या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. फ्रान्सचे लुई पाश्चर म्हणत, की जंतू हवेतील धुळीबरोबर येतात. हा वाद पुस्तकी नव्हता. इस्पितळात शस्त्रक्रिया झालेले रोगी जखम चिघळून मरत. जंतू जखमेत आपोआप जन्मत असतील, तर डॉक्टर काहीच करू शकत नाहीत. ते बाहेरून येत असतील, तर त्यांना अडवता येईल. जोसेफ लिस्टर नावाचे शस्त्रवैद्य तसा प्रयत्न करत होते, पण पुष्कळ डॉक्टर त्यांना हसत.

टिंडल यांनी एक लाकडी पेटी बनवली. समोर काच आणि दोन्ही बाजूंना झोत जाण्यासाठी खिडक्या. आतून ग्लिसरीनचा चिकट लेप. तळाशी परीक्षानळ्या बसवल्या. पेटी काही दिवस तशीच ठेवली, की धूळ खाली बसून लेपाला चिकटे. मग झोत सोडायचा. तो पेटीत शिरताच दिसेनासा झाला, की समजायचे, हवा स्वच्छ झाली. त्यानंतर नळ्यांत मांसाचे, मासळीचे, भाज्यांचे पाणी भरून ते उकळायचे. नळ्यांची तोंडे उघडीच. तरीही महिनोन् महिने ते पाणी नासले नाही. पेटीबाहेर ठेवलेले तसलेच पाणी दोन-तीन दिवसांत गढूळ होऊन घाण मारू लागले. १८७६ च्या सुरुवातीला टिंडल यांनी हे सर्व जाहीर केले.

वाद संपला, असे त्यांना वाटले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस तेच प्रयोग फसू लागले. तीच पेटी, तोच माणूस, आणि नळ्यांतील पाणी पुन्हा पुन्हा नासू लागले. प्रतिपक्षाला आनंद झाला असेल! दुसरा कोणी असता, तर त्याने फसलेले प्रयोग झाकून ठेवले असते. टिंडल यांनी ते नोंदवून ठेवले आणि कारण शोधत राहिले. शेवटी संशय वाळलेल्या गवतावर गेला. प्रयोगासाठी जुन्या गवताचा भारा आणला होता. त्याची धूळ साऱ्या प्रयोगशाळेत पसरली होती. १८७७ साली त्यांनी सामान उचलले आणि क्यू येथील वनस्पती उद्यानातील प्रयोगशाळेत नेले. तिथे प्रयोग पूर्वीसारखे यशस्वी झाले.

त्या गवतातील जंतू बीजरूपाने राहतात. हे बीजाणू तासन् तास उकळूनही मरत नाहीत. टिंडल यांनी त्यावर उपाय काढला. पाणी थोडा वेळ उकळायचे आणि ठेवून द्यायचे. बीजाणूंना वाटते, संकट टळले. ते उगवतात आणि कोवळे होतात. मग पुन्हा उकळायचे. असे दोन-तीनदा केले, की सर्व मरतात. ज्यांच्यावर एकदम फार उष्णता चालत नाही, अशा पदार्थांसाठी ही रीत पुढे पुष्कळ वापरली गेली.

त्याच उन्हाळ्यात ते उकळलेल्या पाण्याने भरलेल्या बंद कुप्या घेऊन आल्प्समध्ये गेले. तेवीस कुप्या त्यांनी गवताच्या कोठारात उघडल्या. सत्तावीस कुप्या उघड्या कड्यावर नेल्या. तिथे वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे आपल्या कपड्यांची धूळही कुपीत जाऊ नये. चिमटा ज्योतीवर तापवून कुप्यांची टोके तोडली. कोठारातील तेवीसपैकी एकवीस नासल्या. कड्यावरची एकही नासली नाही. जिथे आकाश गडद निळे, तिथे हवा अशी निर्मळ.

याच काळात निसर्गानेही एक प्रचंड प्रयोग केला. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्याची राख आणि वायू फार उंच गेले आणि पृथ्वीभर पसरले. काही महिन्यांनी युरोप-अमेरिकेत सूर्यास्तानंतर आकाश इतके लाल दिसू लागले, की अमेरिकेतील काही गावांत आग लागली समजून बंब धावले! १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीनेही असेच केले. त्याच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

टिंडल यांना पैशाचा मोह नव्हता. १८७२-७३ साली त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली. खर्च वजा जाता सुमारे तेरा हजार डॉलर उरले. ते सगळे त्यांनी तिथल्याच विद्यार्थ्यांच्या विज्ञानशिक्षणासाठी ठेवले. दीपगृहांच्या बाबतीत ते सरकारचे सल्लागार होते. एका आयरिश संशोधकाच्या दिव्याला न्याय मिळत नाही, असे वाटल्यावर १८८३ साली त्यांनी ते पद सोडले. पहिली नोकरी गेली तेव्हाचा तरुण त्यांच्यात अजून होता. स्वभावाने मात्र ते तापट होते आणि वादात सहसा माघार घेत नसत.

१८७६ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांचा विवाह लुईसा हॅमिल्टन यांच्याशी झाला. लुईसा वयाने बऱ्याच लहान, पण प्रयोगांत आणि लेखनात त्या त्यांच्या बरोबरीने काम करत. १८८७ साली टिंडल निवृत्त झाले. त्यांच्या जागी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले ते लॉर्ड रेले, आकाशाच्या रंगाचे गणित मांडणारे. टिंडल लंडनपासून दूर हाइंडहेड या टेकडीवरच्या गावी राहायला गेले. तिथली हवा स्वच्छ होती.

त्यांना अनेक वर्षे झोप येत नसे. रात्री झोपेसाठी ते क्लोरल नावाचे औषध घेत आणि पोटासाठी मॅग्नेशिया. दोन्ही बाटल्या जवळ असत. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुईसाबाईंनी मॅग्नेशिया समजून चुकून क्लोरलचा मोठा डोस त्यांना दिला. चव वेगळी लागताच दोघांच्याही ध्यानात चूक आली. डॉक्टरांनी दिवसभर शर्थ केली, पण संध्याकाळी टिंडल यांचे निधन झाले. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. चौकशी झाली आणि हा अपघात असल्याचे ठरले. लुईसाबाईंना कोणी दोष दिला नाही.

त्यांनी स्वतःला काय दिले, ते कोण सांगणार? त्यानंतर त्या सत्तेचाळीस वर्षे जगल्या. त्यांनी पतीची पत्रे, रोजनिशा आणि प्रयोगांच्या वह्या गोळा केल्या, त्यांच्या नकला करून घेतल्या. त्यांचे चरित्र लिहायचे होते आणि ते अगदी निर्दोष हवे होते. ते कधी पुरे झाल्यासारखे त्यांना वाटलेच नाही. १९४० साली, पंचाण्णव वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. त्यांनी जमवलेल्या कागदांवरून दुसऱ्या दोन लेखकांनी लिहिलेले टिंडल यांचे चरित्र १९४५ साली प्रसिद्ध झाले.